हिशोबी गाडीचा पहिला फेरफटका

शोरूममधला मुलगा शेजारच्या सीटवर बसतो, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायला सांगतो आणि म्हणतो, "झाली सुरू, चला." आपण तरीही क्षणभर थांबतो, कारण सुरू झाल्याची कुठलीच खूण जाणवत नाही. ना थरथर, ना घरघर. समोरच्या पडद्यावर 'रेडी' एवढी अक्षरं तेवढी उजळतात. इलेक्ट्रिक गाडीची टेस्ट ड्राइव्ह अशी सुरू होते. पुढच्या अर्ध्या तासात चार गोष्टी हमखास लक्षात येतात: पाय ठेवताच मिळणारा पिकअप, इंजिनाचा नसलेला आवाज, पाय उचलला की ब्रेक न लावताही मंदावणारी गाडी आणि रेंजचा सारखा खाली-वर होणारा आकडा. पहिल्या तिन्हींवर माणूस भाळतो, चौथीने धास्तावतो. घरी आल्यावर शेजारी विचारतात, "कशी वाटली?" त्यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "चालवायला मस्त आहे हो, पण रेंजचं काय?"

हे भाळणं आणि ही धास्ती यांची कारणं वेगवेगळी असावीत असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोन्हींचं मूळ एकच आहे. ही गाडी चालताना ऊर्जा फारशी वाया घालवत नाही. म्हणून ती गप्प असते, म्हणून ती उतारावर वीज परत मिळवते, आणि म्हणूनच तिच्यात प्रत्येक जादा खर्च लगेच डोळ्यांवर येतो. ते कसं, हे पाहू.

टाकीत किती, बॅटरीत किती

उदाहरणाला टाटांची नेक्सॉन घेऊ. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणारी ही गाडी पेट्रोलवरही मिळते आणि विजेवरही, त्यामुळे तुलना सोपी जाते. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या इलेक्ट्रिक नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. सप्टेंबर २०२३ च्या नव्या रूपात मोठी बॅटरी ४०.५ युनिटांची झाली. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच युनिट, एक किलोवॅट-तास. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जळतं.

आता पेट्रोल. एका लिटर पेट्रोलमध्ये ढोबळमानाने ९ युनिट ऊर्जा असते. पेट्रोल नेक्सॉनची टाकी ४४ लिटरची, म्हणजे टाकी फुल्ल केली की गाडीत जवळपास ४०० युनिट भरले. तिच्या इलेक्ट्रिक बहिणीकडे त्याचा दहावा हिस्सा, ४० युनिट. पेट्रोलच्या हिशोबात बोलायचं तर साडेचार लिटर! एवढ्याशा शिदोरीवर ती शहर आणि हायवे धरून पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर जाते, तर पेट्रोलची गाडी टाकीभर इंधनात सहाशेच्या आसपास. दहावा हिस्सा ऊर्जा आणि जवळपास निम्मं अंतर, असा हा मामला आहे.

बाकीची ऊर्जा जाते कुठे? पेट्रोल इंजिन रोजच्या वापरात इंधनातल्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं. उरलेली रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन उडून जाते. गाडी सिग्नलला उभी असताना तर सगळीच जाते. याउलट बॅटरीतून निघालेल्या विजेचा ८५ ते ९० टक्के भाग मोटर चाकांना देते.

उधळ्या घरात दोन पाहुणे वाढले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मोजक्या पगारात नेटका संसार करणाऱ्या घरात मात्र दुधाची एक जादा पिशवीही वहीत उतरते. पेट्रोलची गाडी पहिल्या घरासारखी आहे. चारातले तीन रुपये आधीच उधळले जात असल्याने एसी लावला काय, वेग वाढवला काय, फरक त्या उधळपट्टीत बुडून जातो. इलेक्ट्रिक गाडी दुसऱ्या घरातली. टेस्ट ड्राइव्हमध्ये जे जे नवीन वाटतं, ते बरंचसं या स्वभावातून येतं.

हिशोब पूर्ण करायचा तर एक गोष्ट लपवून चालणार नाही. कोळशावरच्या वीजकेंद्रात कोळशातल्या ऊर्जेपैकी साधारण तिसरा हिस्साच विजेत उतरतो. म्हणजे आपण पुण्यात वाचवलेल्या उधळपट्टीतला काही भाग चंद्रपूरच्या चिमणीतून उडालेला असतो. तीच वीज कोयनेच्या पाण्यातून किंवा गच्चीवरच्या सौर पॅनेलमधून आली, तर चित्र एकदम बदलतं. गाडी तीच राहते, तिचा धूर किती आणि कुठे हे मात्र वीज कुठून आली यावर ठरतं.

पिकअप येतो कुठून

पेट्रोल इंजिनाला एक मोठी अडचण आहे: ते शून्यातून जोर देऊ शकत नाही. जिवंत राहायला त्याला मिनिटाला सातशे-आठशे फेरे तरी फिरत राहावं लागतं, आणि खरा जोर त्याच्याही बराच वर मिळतो. मधली फट भरून काढायला क्लच आणि गिअर लागतात. मोटरचं तसं नाही. तारांच्या वेटोळ्यातून वीज वाहू लागली की चुंबकीय बल तयार होतं आणि तो जोर चाक उभं असतानाच पूर्ण मिळतो. म्हणून सिग्नल सुटला की साधी कौटुंबिक इलेक्ट्रिक गाडीही भल्याभल्यांना मागे टाकते. आत एकच ठरावीक गिअर असतो, त्यामुळे मधे झटका नाही, दम खाणं नाही. उभं राहायचं असेल तर मोटर खरोखर थांबते आणि काहीही खर्च करत नाही. पिकअप आणि काटकसर एकाच गुणातून येतात ते असे.

हा गुण आजचा नाही. मोटारगाड्यांमध्ये ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तो इलेक्ट्रिक गाडीनेच. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ आशेर इथे कामिय जेनात्झी या बेल्जियन चालकाने टॉर्पेडोच्या आकाराच्या 'ला जामे कोंतांत'मधून ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून दांडा फिरवावा लागे, आणि तो उलटा फिरून मनगट मोडायची भीती असे. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा यासुद्धा 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' ही विजेवरची गाडी चालवत. मग १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅकमध्ये आला आणि दांडा गेला. पेट्रोलच्या गाडीने एक छोटी इलेक्ट्रिक मोटर पोटात घेऊन इलेक्ट्रिक गाड्यांचा बाजार उठवायला हातभार लावला!

त्या गाड्या मागे पडण्याचं दुसरं कारण बॅटरी. शिसं आणि आम्लाच्या बॅटरीत किलोमागे जेमतेम ३०-४० वॅट-तास मावतात. आजच्या नेक्सॉनएवढी ऊर्जा तशा बॅटरीत भरायची तर हजार किलोच्या वर नुसती बॅटरी वाहावी लागेल. २००१ मध्ये बंगळुरूहून आलेली चिमुकली 'रेवा' अशाच बॅटरीवर धावायची आणि तिच्या मर्यादाही त्यातूनच आल्या होत्या. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, आधी कॅमेऱ्यांत आणि लॅपटॉपांत रुळली, मग गाडीत. तिचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तरीही आजच्या मध्यम गाडीत अडीचशे-तीनशे किलोची बॅटरी असतेच. ती जमिनीलगत असल्यामुळे वळणावर गाडी फारशी कलंडत नाही. स्टिअरिंग वळवताना जो भक्कमपणा जाणवतो, तो त्या वजनाचा.

पिकअपवर भाळताना एक परीक्षा मात्र घ्यावी. हा जोर कमी वेगात सर्वांत जास्त असतो, वेग वाढत गेला की ओसरतो. म्हणून शोरूमच्या गल्लीत झटका देऊन खूश होण्यापेक्षा बायपासवर ८० च्या वेगात ट्रक ओलांडून बघावा.

शांततेत काय काय ऐकू येतं

इंजिनाचा आवाज हीसुद्धा वाया जाणारी ऊर्जाच. ती थांबली की आजवर तिच्याखाली दबलेले आवाज वर येतात: टायरची घरघर, ८० च्या पुढे आरशांवरून कापला जाणारा वारा, एसीचा पंखा, डिकीत सुटा पडलेला जॅक, डॅशबोर्डचं कुरकुरणं. नव्या इलेक्ट्रिक गाडीचा मालक 'मागून आवाज येतो' म्हणून सर्व्हिस सेंटरला जातो, तेव्हा तो आवाज जुन्या गाडीतही असण्याचा संभव असतो, फक्त ऐकू येत नव्हता. टेस्ट ड्राइव्हला गाणी बंद ठेवावीत आणि थोडा खराब रस्ता मुद्दाम निवडावा, म्हणजे गाडीची बांधणी कानांना कळते.

शांततेची दुसरी बाजू रस्त्यावरच्या माणसांची आहे. आपल्याकडे पेठांमधल्या गल्लीबोळांतून चालणारा माणूस डोळ्यांइतकाच कानांवर विसंबतो. मागून गाडी आली हे त्याला इंजिन सांगतं. वेग वाढला की टायरचा आवाज पुरतो, पण पार्किंगमधून हळू निघणारी इलेक्ट्रिक गाडी अंगाशी येईपर्यंत कळत नाही. अंध व्यक्तींना तर हा धोका मोठाच. म्हणून युरोपात जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलांना ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज करणं सक्तीचं झालं. आपण गाडी बघायला जाऊ तेव्हा स्वतः खाली उतरावं, दुसऱ्याला हळू चालवायला सांगावं आणि पाठमोरं उभं राहून ऐकावं.

पाय उचलला की

सर्वांत अनोळखी वाटतं ते हे. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की कुणीतरी मागून गाडी धरून ठेवल्यासारखं होतं. नवशिका चालक सिग्नलच्या वीस फूट आधीच थांबतो आणि मग ओशाळून गाडी पुढे घेतो. मागे बसलेल्यांच्या माना पुढे-मागे होतात, कुणाला मळमळतंही. याला रिजेनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. चालक आणि मेकॅनिक नुसतं 'रिजेन' म्हणतात.

वीज दिली की मोटर फिरते. तीच मोटर चाकांनी फिरवली की जनरेटर होते आणि वीज बॅटरीत परत जाते. वीज तयार करताना मोटरच्या फिरण्याला विरोध होतो, तोच आपल्याला ब्रेकसारखा जाणवतो. मुंबईच्या लोकल गाड्या स्टेशनात शिरताना हेच करतात, फक्त त्यांची वीज वरच्या तारेत जाते.

यातून किती मिळतं ते बोरघाटात बघू. लोणावळा खोपोलीपेक्षा साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. माणसं धरून सतराशे किलोची गाडी एवढी वर चढवायला सपाट रस्त्याच्या खर्चाव्यतिरिक्त अडीच युनिट लागतात. ४०.५ युनिटांच्या बॅटरीत ते सहा टक्के झाले. घाट चढताना टक्के असे घसरताना पाहून पहिल्यांदा जाणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण उतरताना तेच अडीच युनिट गाडीच्या खाती जमा असतात. त्यातले काही घाटातलं अंतर कापण्यात खर्ची पडतात, काही रूपांतरात जातात आणि उरलेले बॅटरीत येतात. वेग आटोक्यात ठेवला तर खोपोलीला बॅटरी लोणावळ्याइतकीच, कधी टक्का-दोन टक्के जास्तही दिसते. पेट्रोलच्या गाडीला तोच चढ चढायला जवळपास लिटरभर जादा पेट्रोल लागतं. त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही आणि उतरताना त्यातला थेंबही परत येत नाही. मिळतो तो तापलेल्या ब्रेकचा वास.

रिजेनची एक गंमत टेस्ट ड्राइव्हमध्ये फसवू शकते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते, त्यामुळे गाडी पाय उचलल्यावर फारशी मंदावत नाही. शोरूमने शंभर टक्के चार्ज करून ठेवलेल्या गाडीवरून रिजेनबद्दल मत बनवू नये. बऱ्याच गाड्यांत त्याची पातळी कमी-जास्त करता येते. नेक्सॉनला त्यासाठी स्टिअरिंगमागे पट्ट्या आहेत. सगळ्या पातळ्या वापरून बघाव्यात, आणि मागे घरातलं कुणीतरी बसलेलं असावं.

रेंजचा आकडा कुणाचा

"अ‍ॅव्हरेज किती देते?" हा आपला गाडीबद्दलचा पहिला प्रश्न. इथे त्याचं उत्तर पडद्यावर सतत दिसत राहतं आणि तिथेच गोंधळ होतो. रेंजचे तीन आकडे असतात, ते वेगळे ठेवले पाहिजेत.

पहिला आकडा जाहिरातीतला. तो ठरावीक चाचणीतून येतो. आपल्याकडे अशा चाचण्या करणारी प्रमुख संस्था एआरएआय पुण्यातच, कोथरूडच्या वेताळ टेकडीवर आहे. तिथे गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगांच्या क्रमाने चालवतात. त्या क्रमात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि सरासरी वेग खूपच कमी असतो. नेक्सॉनच्या नंतर आलेल्या ४५ युनिटांच्या बॅटरीचा असा आकडा ४८९ किलोमीटर आहे, आणि कंपनी स्वतःच त्याच गाडीसाठी प्रत्यक्ष वापरातला अंदाज ३५० ते ३७० किलोमीटर देते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. चाचणीचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करायला, सहलीचा बेत आखायला दुसरा आकडा.

तिसरा आकडा गाडीच्या पडद्यावरचा. तो मागच्या काही किलोमीटरांतल्या खर्चावरून बांधलेला अंदाज असतो. टेस्ट ड्राइव्हची गाडी दिवसभर हौशी लोकांनी स्पोर्ट मोडमध्ये पिदडलेली असते, त्यामुळे तिचा अंदाज निराशाजनक दिसणारच. त्याऐवजी ट्रिप मीटर शून्यावर आणावा, आपल्या नेहमीच्या पद्धतीने चालवावं आणि किलोमीटरला किती वॅट-तास लागले ते बघावं. १३५ लागले असतील तर ४०.५ युनिटांत ३०० किलोमीटर झाले. हा भागाकार कुठल्याही विक्रेत्यापेक्षा खरं सांगतो.

खर्च कशाने वाढतो तेही यातच दिसतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलं की तो सव्वादोन पट होतो. म्हणून पेट्रोलच्या गाडीच्या उलट, ही गाडी शहरात जास्त चालते आणि एक्सप्रेसवेवर कमी. एसीला तासाला एक-दीड युनिट लागतं. हायवेवर त्याची फिकीर नको, कारण तासाभरात शंभर किलोमीटर कापलेले असतात. हिंजवडीच्या कोंडीत तासाला दहा किलोमीटर सरकताना मात्र गाडीपेक्षा एसीच जास्त खातो की काय, अशी वेळ येते.

थंड देशांत याचीच दुसरी बाजू आहे. पेट्रोलच्या गाडीत हीटर फुकट असतो, इंजिनाची वाया जाणारी उष्णता तो आत घेतो. इलेक्ट्रिक गाडीत फारसं काही वाया जात नसल्याने ऊबही बॅटरीतून विकत घ्यावी लागते, त्यात थंडीने बॅटरीही मंदावते. हिवाळ्यात रेंज घटते ती त्यामुळे. तरीही नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी दर दहातल्या जवळपास नऊ पूर्ण विजेवरच्या होत्या. तिथल्या लोकांनी घट धरूनच हिशोब मांडायची सवय लावून घेतली.

शोरूमच्या रस्त्यावर जे दिसत नाही

अर्ध्या तासात चार्जिंगचा अनुभव येत नाही, आणि मालकाचं सुख-दुःख तर बरंचसं त्यावरच ठरतं. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगमधून तासाला तीनेक युनिट मिळतात. रिकामी ४० युनिटांची बॅटरी त्यावर भरायला तेरा-चौदा तास लागतील. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला लागतात पाच-सहा युनिट, म्हणजे रात्रीचे दोन तास. भिंतीवर ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवला तर तासाभरात काम होतं.

हायवेवरचा फास्ट चार्जर बॅटरीला थेट डीसी वीज देतो आणि दहावरून ऐंशी टक्क्यांपर्यंत लवकर नेतो. पुढे तो मुद्दाम मंदावतो. बॅटरीतले सेल भरत आले की त्यांचं व्होल्टेज कमाल मर्यादेला टेकतं आणि तशातही जोराने वीज रेटली तर सेल तापून त्यांचं आयुष्य घटतं. म्हणून लांबच्या प्रवासात ऐंशीला निघायचं, शंभरची वाट बघायची नाही. या चार्जरचा युनिटचा दर घरच्या दरापेक्षा बराच जास्त असतो, तोही बेतात धरावा.

गाडीतल्या काही गोष्टीही नीट बघाव्यात. बॅटरी पायाखाली असल्याने अनेक गाड्यांत मागची जमीन उंच होते, गुडघे वर येतात आणि मांडीला आधार मिळत नाही. घरातल्या सर्वांत उंच माणसाला मागे बसवून बघा. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, ते विचारा. आयपी६७ असं लिहिलेलं असेल तर बॅटरीचा डबा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी त्याची चाचणी झाली आहे. पावसाची भीती त्यामुळे सोडून द्यावी, पण तुंबलेल्या भुयारी मार्गात गाडी घालायचा तो परवाना नव्हे.

शेवटी एकच आग्रह धरावा. शोरूमने ठरवलेली फेरी झाली की गाडी आपल्या सोसायटीत न्यायला सांगावं. आपल्या पार्किंगच्या जागेवर ती लावून मीटररूमपासून तिथपर्यंत वायर कुठून आणि किती लांब ओढावी लागेल ते मोजावं, आणि सेक्रेटरी जागेवर असतील तर त्यांच्याशी तिथेच बोलावं. वायर पोचत असेल तर रेंजची धास्ती महिन्याभरात जाते, कारण गाडी रोज सकाळी भरलेली मिळते. पोचत नसेल, तर पिकअप कितीही आवडला तरी दर दोन-चार दिवसांनी सार्वजनिक चार्जरवर रांग लावायची आपली तयारी आहे का, हे बुकिंगची रक्कम भरण्याआधी स्वतःला विचारावं.